सोळा पाहुणे, दोन याद्या आणि एक आत्या

पत्र

आम्ही ठाण्यातले बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी (ज्यू). माझा धाकटा भाऊ १९९० साली इस्रायलमध्ये अश्दोदला गेला तो तिथलाच झाला. त्याची मुलगी आता चोवीस वर्षांची आहे. ती आणि तिच्या ओळखीतली पंधरा मुलंमुली डिसेंबरात नऊ दिवसांसाठी इकडे येताहेत. सगळ्यांचे आजी-आजोबा कोकणातले. आपलं मूळ कुठलं ते बघायचं, म्हणून ही सहल. ठरवाठरवी अर्थातच माझ्या गळ्यात. भावाने यादी पाठवली आहे: मुंबईतली सगळी सिनेगॉग (आमची प्रार्थनास्थळं), पनवेल, पेण, अलिबाग, रेवदंडा, नवगाव आणि वर पुण्याचं लाल देऊळ. 'एकही सोडू नकोस,' असं फोनवर तीनदा बजावलं. दुसऱ्याच रात्री भाचीचा मेसेज: 'आत्या, प्लीज, इतकी सिनेगॉग नकोत. आम्हाला दोन दिवस गोवा आणि एक दिवस फिल्मचं शूटिंग बघायचंय. बाबांना सांगू नकोस.'

दुसरं असं की, अलिबाग तालुक्यातलं आमचं घर बाबांनी १९७९ साली शेजारच्या मुसलमान कुटुंबाला विकलं. ते मुलांना दाखवायचंच, असा भावाचा हट्ट. आणि तोच वर म्हणतो, 'हल्लीच्या दिवसांत ते आपल्याला दारात तरी उभं करतील का?' माझा स्वतःचा मुलगा तेवीस वर्षांचा. तो म्हणतो, 'आई, हे लोक आपल्याकडे राणीच्या बागेत आल्यासारखे येतात. फोटो काढतात नि जातात. मला यात ओढू नकोस.' मी ऐकू तरी कोणाचं?

— एक आत्या, ठाणे

उत्तर

ताई,

आधी भावाची यादी घेऊ. ती दिसते तितकी हटवादी नाही, आणि ती कुठून आली हे कळल्याशिवाय तुम्हाला तिच्यावर काट मारता येणार नाही.

तुमचा भाऊ १९९०ला गेला, पण तो ज्या वस्तीत जाऊन राहिला तिथली वडीलधारी माणसं पन्नास-साठच्या दशकात गेलेली. १९६२ साली तिथल्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, कार्यालयाने फर्मान काढलं होतं, की बेने इस्रायल माणसाचं लग्न दुसऱ्या यहुद्याशी लावायचं तर आधी त्याच्या मागच्या पिढ्या तपासा. कोकणात शेकडो वर्षं शनिवारी, विश्रांतीच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद ठेवला, मुलांच्या सुंता केल्या, 'शेमा' ही प्रार्थना म्हटली, आणि स्वतःच्या म्हणवल्या जाणाऱ्या देशात जाऊन ऐकायचं काय, तर तुम्ही आमच्यातले कशावरून? मग मोर्चे झाले, जेरुसलेमला धरणं धरलं, तेव्हा कुठे ऑगस्ट १९६४ मध्ये त्यांच्या संसदेने ठराव केला की हे लोक सर्व बाबतींत यहुदीच आहेत. ज्या घरांना असं आपलं घराणं सिद्ध करावं लागलं, तिथून पुढच्या पिढीला पाठवताना यादीत सिनेगॉगच येणार. रेवदंड्याचं १८४२चं, अलिबागचं १८४८चं, पनवेलचं १८४९चं, पेणचं १८६३चं. भावाने तुम्हाला प्रेक्षणीय स्थळं पाठवलेली नाहीत, पुरावे पाठवलेत.

भाचीला पुराव्यांची गरज नाही. ती तिथेच जन्मली. शाळा, सैन्यातली नोकरी, सगळं तिथलंच. तिला कोणी 'तू कशावरून?' असं विचारत नाही. म्हणून एकेका सिनेगॉगमधल्या एकेका फळ्यासमोर उभं राहायचा तिला कंटाळा येणं अगदी साहजिक आहे. पण गोव्यासाठी तिला आत्या कशाला हवी? सैन्यातून सुटलेली इस्रायली मुलं पाठीला पिशवी लावून हिमाचलला आणि गोव्याला वर्षानुवर्षं येताहेत, त्यांना तिथल्या खानावळीही तोंडपाठ असतात. जे तिला फक्त तुमच्याकडेच मिळू शकतं, ते मागायला तिला सुचलेलं नाही, कारण असं काही असतं हेच तिला ठाऊक नाही.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. नऊपैकी सात दिवस तुमचे. शेवटचे दोन दिवस गोवा, त्यांचं ते, तुमच्याशिवाय. सकाळच्या मांडवी एक्सप्रेसला ठाण्याला बसवून द्या, ती पेण-रोह्यावरूनच खाली जाते. त्यांच्यात एखादा पेणकर किंवा रोहेकर असायचाच, त्याला खिडकी द्या. डिसेंबरात कोकणच्या गाड्या भरून जातात, तेव्हा आरक्षण सुटेल त्या दिवशीच करा. आणि हे भावाला तुम्हीच सांगा. 'बाबांना सांगू नकोस' हा भाग मोडूनच काढा. चोवीस वर्षांच्या मुलीचं गुपित पोटात ठेवून सोळा जणांची सहल काढता येत नाही, पहिल्याच फोनवर फुटेल आणि वाईट तुम्ही व्हाल.

आता कात्री कुठे लावायची? पुणे संपूर्ण काढा. लाल देऊळ, म्हणजे ओहेल दाविद, देखणं आहे, १८६७चं आहे, पण ते डेव्हिड ससूनचं. भायखळ्याचं मागेन डेव्हिड आणि फोर्टातलं केनेसेथ एलियाहू ही दोन्हीही ससून घराण्याचीच. बगदादहून आलेले हे श्रीमंत लोक तुमच्या माणसांना बरोबरीने वागवत नव्हते, हे तुम्हाला मी काय सांगायचं. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कबरस्तानात बेने इस्रायलांच्या आणि आपल्या कबरींमध्ये भिंत घाला, असा अर्ज त्यांच्यातल्या काहींनी सरकारकडे केला होता. आज बगदादी जवळजवळ सगळे गेले, आणि ही सिनेगॉग चालती ठेवणाऱ्यांत तुमचेच लोक जास्त आहेत. ही गोष्ट मुलांना जरूर सांगा, ती त्यांना आवडेल. पण त्यासाठी पुण्यापर्यंत सोळा माणसांचा एक अख्खा दिवस घाटात घालवायचं कारण नाही. फोर्टातलं दुरुस्तीनंतर छान निळं झालंय, फोटो चांगले येतात, तिथे अर्धा तास द्या.

मुंबईत एकच सिनेगॉग नीट दाखवायचं तर मांडवीतलं शाअर हारहमीम. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलं, पुढे १८६०ला आताच्या जागी आलं. दिवेकर कंपनी सरकारच्या फौजेत होते. टिपूच्या कैदेत सापडले, आणि 'हे बनी इस्राईल, यांचं नाव आपल्या कुराणात आहे,' असं म्हणून टिपूच्या आईने त्यांना वाचवलं, अशी आख्यायिका आहे. खरीखोटी ती आख्यायिका, पण सुटून आलेल्या माणसाने आपल्या जमातीसाठी मुंबईतलं पहिलं सिनेगॉग उभारलं एवढं खरं. गोष्ट तिथल्या बाकावर बसून सांगा, उभ्याने सांगू नका. उन्हातून आलेल्या पोरांना आधी पंखा लागतो. तिथून माझगावची कदूरी शाळा लांब नाही. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ साली सुरू केलेली ही शाळा. यांच्यातल्या किती जणांच्या आज्या तिथे शिकल्या असतील, ते आधी फोन करून विचारून ठेवा. त्या दिवशी संध्याकाळी गोरेगावच्या चित्रनगरीचं काय ते बघून टाका, म्हणजे तीही मागणी पुरी.

कोकणाला मात्र दोन पूर्ण दिवस द्या, मुक्कामासकट. गेटवेवरून मांडव्याची लाँच, किंवा भाऊच्या धक्क्यावरून रोरो. मांडव्याहून अलिबागच्या वाटेवर आणि आसपास झिराड, किहीम, नवगाव, थळ ही गावं आहेत. म्हणजे झिराडकर, केहिमकर, नवगावकर, थळकर. तिकडे इस्रायलमध्ये दिमोनात नि लोदमध्ये ही आडनावं दारावर लावून बसलेल्या घरांतली ही मुलं, त्यांतल्या कित्येकांनी ते गाव असतं हेही मनात आणलेलं नसेल. झिराड आलं की डॉ. जेरुशा झिराड यांचं नाव घ्या. कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या, १९६६ला पद्मश्री मिळाली. मुली ऐकतील. आणि रेवदंड्याला गेलात तर शेजारच्या चौलवरून सिनेमावाल्यांना गप्प करता येईल, कारण हिंदी सिनेमातले डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, आडनावाने या चौलचेच.

नवगावला फुटलेल्या गलबताची कथा सांगा. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना किनाऱ्यावर पुरलं, ती जागा नि तिथलं स्मारक. शतक कोणतं ते विद्वानांचं अजून जमलेलं नाही, त्यात पडू नका. जुन्या कबरस्तानात मात्र जरा रेंगाळा. दगडांवर वर हिब्रू आणि खाली मराठी असतं. वरचं ती वाचतील, खालचं तुम्ही. नाव, गाव, कुणाची बायको, कुठल्या आजाराने गेली, हे खालच्या ओळींत असतं, आणि ते तुम्ही वाचून दाखवल्याशिवाय त्यांना कळणार नाही. दोन-चार दगड पुरेत. सगळं कबरस्तान वाचायला घेऊ नका, तुम्हाला मी ओळखत नसले तरी आत्या या जातीला ओळखते.

खंडाळ्याला (घाटातलं नव्हे, अलिबागजवळचं) एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, रथाचा टापा (खडकावरची खूण) आहे, तिथे मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा प्रसाद, करा. त्यासाठी त्यांना आयतं ताट देऊ नका. सकाळी मुक्कामाच्या ठिकाणीच पोहे भिजवायला, नारळ खवायला त्यांनाच बसवा. विळीवर बसून नारळ कसा फिरवायचा हे दाखवताना एखादीचं बोट कापेल, पट्टी जवळ ठेवा. खवलेलं खोबरं, साखर, वेलची, बेदाणे पोह्यांत हाताने कालवायचं, मग वर फळं मांडायची. त्यातल्या निम्म्यांनी मलिदा अश्दोदच्या हॉलमध्ये लग्नाआधी खाल्लेला असतो, कुणीतरी केटररने आणलेला. इथे तो त्यांच्या हातचा असेल, आणि 'एलियाहू हन्नबी' हे गाणं म्हणायला लागलात की चाल त्यांना येते हे तुमच्या लक्षात येईल.

शुक्रवार-शनिवार ठाण्यातच ठेवा. तुमचं शाअर हाशामाइम १८७९चं आहे आणि मुख्य म्हणजे चालतं-बोलतं आहे, आज बेने इस्रायलांची मोठी वस्ती ठाण्यातच. जी मुलं शाब्बाथ, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनचा विश्रांतीचा दिवस, पाळतात ती गाडीत बसणार नाहीत, तेव्हा उतरायची सोय चालत जाण्याच्या अंतरावर बघा. कोण किती पाळतं हे भाचीकडून आधी लिहून मागवा, गृहीत धरू नका. एकाला मासळी चालेल, दुसऱ्याला भांडी वेगळी लागतील, तिसरा रस्त्यावर कोळंबी मागेल. तुमच्या घरचं नारळाच्या दुधातलं पापलेटाचं कालवण बहुतेकांना चालून जाईल. किद्दुशला, म्हणजे शाब्बाथच्या पेयावरच्या प्रार्थनेला, वाइनच्या बाटल्या आणू नका. काळ्या मनुका आदल्या रात्री भिजत घाला, शुक्रवारी दुपारी दोघा मुलांना त्या हाताने कुस्करून फडक्यातून गाळायला लावा. हात दोन दिवस काळपट राहतात. राहू द्या.

चिकाचा हलवा करायचा मोह होईल, कारण भावाची फर्माईश असणारच. सण नसला तरी करा, पण गहू भिजवण्यापासून चीक बसेपर्यंतचं काम ती यायच्या आधी उरकून ठेवा. त्यांच्या वाट्याला फक्त ढवळणं ठेवा, तेही पाळीपाळीने. नारळाचं दूध घालून तो हलवा आळेपर्यंत कुणाला हात थांबवता येत नाही, तेवढ्या वेळात कढईभोवती ज्या गप्पा होतील त्या बसमध्ये माइक घेऊन होत नाहीत. तुमच्या ओळखीत कीर्तनं म्हणणाऱ्या बायका असतील तर त्यांना त्याच संध्याकाळी बोलवा. बायबलच्या गोष्टींवर मराठी कीर्तन करायची तुमच्यातली रीत १८८०च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकरांनी रुजवली. मोशे आणि दाविदाच्या गोष्टी ओव्या-साक्यांत ऐकल्या की मुलांना शब्द कळणार नाहीत, गोष्ट मात्र पुढे काय होणार ते तुमच्याआधी कळेल.

आता घराचं. यात घाई चालायची नाही.

सोळा मुलांची बस घेऊन तुम्ही कुणाच्याही दारात थेट उभ्या राहिलात, तर ते घर हिंदूचं असो, मुसलमानाचं असो, माणूस बावरणारच. त्याला पहिली शंका येईल ती जागेची. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी जुन्या मालकाची माणसं मोबाइल घेऊन भिंतींचे फोटो काढताहेत, हे कोणालाही कसं वाटेल? अलिबागला जागांचे भाव काय झालेत ते तुम्ही बघताच. तेव्हा नोव्हेंबरात एक दिवस तुम्ही एकट्या जा. मुलाला किंवा नवऱ्याला बरोबर घ्या, पण भाऊ व्हिडिओ कॉलवर नको. मिठाईचा पुडा न्या. बाबांचं नाव सांगा, तुम्ही लहानपणी तिथे राहिलात हे सांगा आणि आधी त्यांच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांची चौकशी करा. व्यवहार झाला तो पुरा झाला, त्याबद्दल मनात काही नाही, हे तुमच्या तोंडून त्यांना स्पष्ट ऐकू यायला हवं. भावाला बाबांनी घर मातीमोल विकलं असं वाटत असेल तर ते त्याने अश्दोदमध्येच वाटून घ्यावं. मग विचारा, की मुलं आली तर पंधरा मिनिटं अंगणात येऊ का, विहीर तेवढी बघू का.

'हो' म्हणाले तर मुलांना आदल्या रात्रीच दोन गोष्टी बजावा. घराचे नि घरातल्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. आणि तिकडच्या युद्धाचा विषय त्या अंगणात कोणी काढायचा नाही. यजमानांनी काढला तर भाचीने वाद न घालता ऐकून घ्यायचं. दोन्हीकडे माणसांची मनं दुखावलेली आहेत, आणि तो हिशेब पंधरा मिनिटांत त्या विहिरीवर लागणार नाही. 'नाही' म्हणाले तर 'नाही'. मुलांना गल्लीतून घर दाखवा नि पुढे चला, भावाला तसंच सांगा. पण तुमचा भाऊ ज्या भीतीने बोलतोय ती बातम्यांतून आलेली आहे. कोकणात तुमची माणसं आणि कोकणी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिले, मांडवीतल्या तुमच्या सिनेगॉगच्या आजूबाजूची वस्ती आजही मुसलमानांची आहे. दार न वाजवताच ते उघडणार नाही असं कशाला ठरवायचं?

तुमच्या मुलाचं मला सर्वांत पटलं, आणि त्याचंच तुम्ही सर्वांत कमी ऐकताय असं पत्रावरून वाटलं. तो म्हणतो त्यात तथ्य आहे. बाहेरून आलेला गट दहा मिनिटं फोटो काढतो, 'अजून इतकेच उरलात?' असं विचारतो नि जातो. इथे राहिलेल्यांना त्या प्रश्नाचा राग येतो, कारण ते उरलेले नाहीत, ते राहिलेले आहेत. त्यांची नोकरी इथे, लोकल इथे, मित्र इथे. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला तोही इथल्याच लोकांनी मागून घेतला. तेव्हा त्याला गाइड करू नका. त्याने 'आमचा इतिहास' सांगायचा नाही. एका संध्याकाळी त्याने आपल्या मित्रांबरोबर, त्यात यहुदी कोणी नसले तरी चालतील, या मुलांना हवं तिथे न्यावं: तलावपाळीवर, वडापाव खायला, रात्रीच्या लोकलने मरीन ड्राइव्हला. तुम्ही त्या संध्याकाळी घरी बसा. त्याला तेही नको असेल तर नको. सोळांपैकी एखाद्याशी त्याचं आपोआप जमलं तर जमेल, आणि नाही जमलं म्हणून सहल फसली असं नाही.

दोन रुक्ष गोष्टी. २००८ला मुंबईतल्या नरिमन हाऊस या यहुदी केंद्रावर जो दहशतवादी हल्ला झाला त्यानंतर सिनेगॉगवर पोलीस असतात, अचानक गेलेल्या गटाला आत सोडत नाहीत. प्रत्येक ठिकाणच्या विश्वस्तांना आधी कळवून परवानगी घ्या, पासपोर्ट जवळ ठेवायला सांगा, आणि कुठल्या दिवशी कुठे हे मुलांनी आधी इन्स्टाग्रामवर टाकायचं नाही. घरांत उतरवणार असाल तर परदेशी पाहुण्यांच्या नोंदीचा फॉर्म (पूर्वीचा 'सी' फॉर्म) चोवीस तासांत ऑनलाइन भरावा लागतो. तो ज्याच्या घरी पाहुणा त्याने भरायचा, हे तुम्ही ज्या शेजाऱ्यांना तयार करणार आहात त्यांना आत्ताच सांगा.

आणि ताई, पत्रात तुम्ही सगळं लिहिलंत, फक्त पैशांचं लिहिलं नाहीत. सोळा जणांची बस, लाँच, अलिबागचा मुक्काम, नारळ, मासळी, मनुका. भाऊ यादी पाठवतो तेव्हा आकडा पाठवत नाही, आणि आत्या विचारत नाही, असं आपल्या घरांतून चालत आलेलं आहे. या वेळी विचारा. अंदाजपत्रक करा, माणशी खर्च काढा, भाचीला पाठवा. ती हिशेब करणाऱ्या पिढीतली आहे, तिला राग येणार नाही. बसचा बयाणा पैसे आल्यावरच द्या.